शंभर वॅटचा रिग, अँटेनापर्यंत आठ वॅट

पार्श्वभूमी

हे प्रकरण रत्नागिरी तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातल्या हॅम रेडिओ स्टेशनचं आहे, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या बिनतारी संदेशाच्या स्टेशनचं. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. स्टेशन ज्यांचं आहे ते माझे शाळेतले विज्ञानाचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर मूळ गावी येऊन राहिले. मला हॅम रेडिओचा नाद लागला तो त्यांच्यामुळे, म्हणून या लेखात त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतो. मी कोल्हापुरात असतो. रोज सकाळी सातच्या सुमाराला आम्ही पाच-सहा जण ४० मीटर बँडवर (सात मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर) जमतो, आणि सरांचा आवाज त्यात सहसा चुकत नाही.

स्टेशन साधंच आहे. १०० वॅटचा एचएफ रिग (लघुलहरींवर बोलायचा आणि ऐकायचा संच), १३.८ व्होल्टचा पॉवर सप्लाय, गच्चीवर नऊ मीटरचा पाइप आणि त्याच्या टोकाला इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मध्य उंच आणि दोन्ही हात खाली उतरणारी तारेची अँटेना. तारेचा प्रत्येक हात साधारण दहा मीटरचा, एक माडाला बांधलेला आणि दुसरा विहिरीजवळच्या खांबाला. मधून खाली रिगपर्यंत आरजी-५८ जातीची ३० मीटर कोॲक्स केबल (मध्ये एक तार आणि तिच्याभोवती तारांची वेणी).

या स्टेशनकडे सर छंद म्हणून बघत नाहीत, हे आधी सांगायला हवं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. रायगडात आणि इकडे मंडणगड-दापोलीकडे वीज आणि मोबाइल कितीतरी दिवस बंद होते. तेव्हापासून दरवर्षी पावसाच्या तोंडावर सर एक दिवस घरची वीज न वापरता, फक्त बॅटरीवर स्टेशन चालवून बघतात. २०२४ मध्येही तो सराव ठरलेला होता, जूनच्या पहिल्या रविवारी.

अडचण

मेच्या मध्यापासून सरांचा सिग्नल खाली गेला. माझ्या रिगवर ते कायम एस-९ यायचे, ते एस-६ वर आले (एस म्हणजे सिग्नलच्या जोराचं माप, आकडा मोठा तितका जोर जास्त). पुण्याचे आणि गोव्याचे मित्रही तेच सांगू लागले. सरांनी रिगच्या मागे वॉटमीटर लावला, माइकमध्ये नेहमीसारखं बोलून बघितलं, तर काटा जेमतेम ३० वॅटपर्यंत जात होता. वहीत मात्र चार वर्षांपूर्वीची नोंद ९८ वॅटची होती.

त्यातच बॅटरीवर रिग लावला की मोठ्याने बोलताना तो मध्येच बंद पडून पुन्हा चालू व्हायचा. बॅटरी जुनी झाली असं समजून सरांनी नवी आणली. तरी तेच.

दुरुस्ती करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने सगळं फोनवर ऐकून घेतलं आणि सांगितलं, “फायनल गेलेत. रिग पाठवून द्या.” फायनल म्हणजे रिगच्या शेवटच्या टप्प्यातले पॉवर ट्रान्झिस्टर. खर्च बारा-पंधरा हजार, वेळ तीन आठवडे.

तेव्हा सरांनी मला फोन केला. बोलता बोलता त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, “एसडब्ल्यूआर १.१ आहे रे, इतका चांगला कधीच नव्हता.” (एसडब्ल्यूआर म्हणजे पाठवलेली लहर किती परत येते त्याचं माप, १ म्हणजे काहीच परत येत नाही.) दुसरी, “हल्ली बँड फार शांत असतो. एरवी पाचपर्यंत खरखर असायची, आता काटा दोन-तीनच्या वर जात नाही.”

मी त्यांना म्हणालो, “सर, एसडब्ल्यूआर १.१ म्हणजे अँटेना आणि केबल उत्तम आहे. दोष रिगकडेच शोधायला हवा.” हे चुकीचं होतं. का ते पुढे येईलच, पण या एका वाक्याने आमचे दोन दिवस खाल्ले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय रिग पाठवून देण्याचा. तो पाठवला असता तर सराव बुडाला असता, आणि ऐन वाऱ्या-पावसाच्या दिवसांत गाव रेडिओविना राहिलं असतं. शिवाय निदान कोणी काही मोजून केलेलं नव्हतं. ट्रान्झिस्टर बदलायचे म्हणजे जोडी सारखी हवी, बायस (सिग्नल नसतानाचा करंट) नव्याने बसवावा लागतो, आणि बाजारात नकली माल भरपूर. चांगले ट्रान्झिस्टर काढून नकली बसवून घेण्याचा धोका खरा आहे.

दुसरा पर्याय एका मित्राने सुचवलेला: झाकण उघडून आतला पॉवरचा पॉट (मर्यादा ठरवणारा फिरवायचा स्क्रू) थोडा वाढवायचा. याला मी ठाम नकार दिला. कारखान्यात बसवलेली ती मर्यादा ट्रान्झिस्टरला वाचवते आणि सिग्नल स्वच्छ ठेवते. खरं कारण दुसरीकडे असताना पॉट फिरवला तर आवाज फाटतो, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर पसरतो, आणि मूळ दोष दुरुस्त झाला की तोच वाढवलेला पॉट फायनल जाळतो.

तिसरा पर्याय, बाहेरून लिनिअर ॲम्प्लिफायर, म्हणजे पॉवर वाढवणारा वेगळा संच, जोडायचा. बॅटरीवर चालणाऱ्या स्टेशनला तो झेपणारच नव्हता, म्हणून त्यावर फार बोललो नाही.

उरला चौथा: रिगला हात न लावता आधी सगळं मोजायचं. मी शनिवारी सकाळी निघालो आणि आंबा घाट उतरून दुपारच्या जेवणाला सरांकडे पोचलो. पिशवीत मल्टिमीटर, थोडी जाड वायर, नवे फ्यूज होल्डर आणि घरी बनवलेला डमी लोड होता.

पहिला निर्णय: वॉटमीटरवर विश्वास ठेवायचा का

डमी लोड म्हणजे अँटेनाच्या जागी जोडायचा ५० ओहमचा रेझिस्टर. तो सगळी पॉवर उष्णता करून टाकतो, हवेत काही जात नाही. माझा डमी लोड १ किलोओहमचे वीस मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडून केलेला आहे आणि ट्रान्सफॉर्मर तेलाच्या डब्यात बुडवलेला आहे. त्याला जास्त व्होल्टेज सोसणारा एक फास्ट डायोड आणि एक कपॅसिटर लावला आहे, त्यामुळे साध्या मल्टिमीटरवर आरएफचं (रेडिओ लहरीचं) शिखर व्होल्टेज मिळतं. त्या आकड्याचा वर्ग करून १०० ने भागला की वॅट. वॉटमीटरवाचून पॉवर मोजायची याहून सोपी रीत मला माहीत नाही, आणि प्रत्येक हॅमने हा डबा एकदा तरी स्वतःच्या हाताने बनवावा असं मला मनापासून वाटतं.

सरांनी रिग सीडब्ल्यूवर (मोर्स कोडच्या मोडवर, यात की दाबली की अखंड सिग्नल जातो) घेतला, पॉवर पूर्ण केली आणि पाच सेकंद की दाबली. मल्टिमीटरवर ८०.५ व्होल्ट आले, म्हणजे ६५ वॅट.

सर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “मग माझे तीस कुठले?”

त्यांचे तीस बोलताना घेतलेले होते. एसएसबीवर, म्हणजे आम्ही बोलायला वापरतो त्या मोडवर, पॉवर आवाजाबरोबर वर-खाली होते. शब्दांच्या मधल्या जागेत ती जवळपास शून्यावर येते. सरांचा वॉटमीटर सरासरी दाखवणारा आहे, आणि सरासरी काटा साधारण बोलण्यात शिखराच्या पाव-तृतीयांश इतकाच चढतो. ठणठणीत १०० वॅटचा रिगसुद्धा अशा मीटरवर २५-३० दाखवतो. वहीतली ९८ ची नोंद सीडब्ल्यूवर की दाबून घेतलेली होती, हे सरांनी पान उघडल्यावर लगेच दिसलं. दोन वेगळ्या मोडमधले आकडे एकमेकांशेजारी ठेवले गेले होते. (याचा भाऊबंद म्हणजे एएमवर घेतलेलं माप. १०० वॅटच्या रिगची एएममधली वाहक लहर २५ वॅटची असते आणि तेवढीच असायला हवी. हा आकडा बघून रिग उघडलेला एक जण मी पाहिला आहे.)

तेव्हा दोष ९८ ते ६५ एवढाच होता. फायनल गेले असते तर इतकं व्यवस्थित ६५ वॅट मिळण्याची शक्यता कमी. रिग पाठवायचा विचार आम्ही तिथेच सोडला.

दुसरा निर्णय: उरलेले वॅट कुठे गेले

डमी लोडवरही पॉवर कमी होती, म्हणून या घटीत अँटेनाचा संबंध नव्हता. मोजायचं राहिलं होतं रिगकडे येणारं डीसी व्होल्टेज. ते आधी मोजलं होतं का असं विचारलं, तर सर म्हणाले, “हो, तेरा पूर्णांक आठ आहे.” पण ते पॉवर सप्लायच्या टर्मिनलवर आणि रिसीव्हमध्ये मोजलेलं. रिसीव्हमध्ये रिग एक-दीड अँपियर घेतो, ट्रान्समिटमध्ये पंधरा-वीस. पाइपात कचरा असला तरी थेंब थेंब पाणी नळाला येतंच, नळ पूर्ण सोडला की धार बारीक का ते कळतं.

मी प्रोब रिगच्या मागच्या प्लगमध्ये धरले आणि सरांनी की दाबली. १३.७ चं व्होल्टेज ११.५ वर आलं. रिगच्या पुस्तकात मर्यादा १३.८ च्या १५ टक्के वर-खाली अशी दिली होती, म्हणजे खालचं टोक ११.७. रिग त्याच्याही खाली चालत होता. पॉवर साधारण व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. ११.५ आणि १३.८ च्या गुणोत्तराचा वर्ग ०.६९ येतो, म्हणजे १०० वॅटच्या रिगला ६९ वॅट. आम्हाला मिळालेल्या ६५ शी हे जुळलं.

मग सप्लायपासून रिगपर्यंतचा एकेक तुकडा मोजला. दोन्ही प्रोब त्या तुकड्याच्या दोन टोकांना लावायचे आणि की दाबायची, त्या तुकड्याने किती व्होल्ट गिळले ते सरळ दिसतं. करंट १६ अँपियर होता. सरांनी टेबल हलवलं तेव्हा केबल तीन मीटरने वाढवली होती, तीही २.५ चौरस मिलिमीटरच्या घरगुती वायरने. त्या वायरने येऊन-जाऊन ०.७ व्होल्ट खाल्ले. पॉझिटिव्ह बाजूच्या फ्यूज होल्डरने ०.३. आणि निगेटिव्ह बाजूच्या फ्यूज होल्डरने एकट्याने १.३.

१.३ व्होल्ट गुणिले १६ अँपियर म्हणजे जवळपास २१ वॅट. एक लहान सोल्डरिंग आयर्न त्या बोटभर प्लॅस्टिकच्या नळीत पेटलेला होता म्हणा ना. होल्डर उघडला तेव्हा आतली स्प्रिंग काळी पडून मऊ झाली होती, फ्यूजच्या टोपीवर हिरवट थर होता आणि नळीची एक बाजू तपकिरी होऊन किंचित पिळवटली होती. खाडीवरची खारी हवा, त्याने वाढलेला संपर्काचा रोध, त्यामुळे उष्णता, उष्णतेने स्प्रिंग ढिली, आणि ढिल्या स्प्रिंगने रोध आणखी जास्त. हे चक्र आपोआप थांबत नाही.

बॅटरीवर रिग का बंद पडायचा तेही इथे सुटलं. बॅटरी भाराखाली १२.४ व्होल्ट देते. त्यातून सव्वादोन व्होल्ट वाटेत गेले की रिगला दहाच्या आसपास उरतात, आणि प्रत्येक मोठ्या शब्दाला तो हात टेकतो. नवी बॅटरी घ्यायची गरज नव्हती.

वाढवलेली वायर काढून टाकली. ६ चौरस मिलिमीटरची दीड मीटरची नवी जोडी, ब्लेड फ्यूजचे झाकणबंद होल्डर, आणि नीट दाबलेले लग. संध्याकाळी पुन्हा की दाबली. रिगपाशी १३.४ व्होल्ट, डमी लोडवर ९७.५ व्होल्ट, म्हणजे ९५ वॅट. काकूंनी कोकम सरबत आणलं. मी सामान आवरायला घेतलं. काम झालं असं मला मनापासून वाटत होतं.

हिशोब जुळेना

रविवारी सकाळी सात वाजता सर बँडवर आले. कोल्हापुरात माझ्या रिगवर माझी मुलगी बसली होती. तिचंही लायसन्स आहे, आणि ती सरांना आजोबा म्हणते. सरांनी रिपोर्ट मागितला.

“आजोबा, सहाच आहे. कालच्यासारखं.”

पुण्याहूनही तेच. गोव्याच्या मित्राने थोडा फरक वाटतो म्हटलं, पण ते सरांना बरं वाटावं म्हणून होतं हे कळत होतं.

सरांनी माइक खाली ठेवला, वही ओढली आणि मागच्या पानावर हिशोब मांडला. मी शाळेत त्यांच्या फळ्यासमोर बसायचो तसाच बाजूला बसलो.

६५ वॅटवरून ९५ वॅट म्हणजे साधारण पावणेदोन डेसिबल (डेसिबल हे पॉवर किती पट झाली ते सांगणारं माप, १० डेसिबल म्हणजे दहापट). एक एस-युनिट प्रमाणानुसार ६ डेसिबलचं, म्हणजे पॉवर चौपट झाली की एक एस वाढतो. पावणेदोन डेसिबलने मीटरचा काटा कोणाच्याही लक्षात येण्याइतका हलतच नाही. “म्हणजे काल आपण दुरुस्त केलं त्याने रिपोर्ट सुधारणारच नव्हता,” सर म्हणाले. “आणि त्या दोषाने बिघडलाही नव्हता. किती बिघडला होता? तीन एस. तुझ्या मीटरवर एक एस किती?”

माझा मीटर मी पूर्वी अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा डबा) लावून तपासला होता. बऱ्याच रिगचे मीटर ९ च्या खाली प्रमाण पाळत नाहीत, माझ्यावर एक एस साडेतीन डेसिबलच्या आसपास पडतो. तेव्हा तीन एस म्हणजे साडेदहा डेसिबल. त्यातून पावणेदोन गेले, उरले पावणेनऊ.

“नऊ धर. नऊ डेसिबल म्हणजे आठातला एक भाग. अरे, आठातले सात वॅट अजून कुठेतरी सांडतायत.”

हा हिशोब मला फोनवर, पहिल्याच दिवशी करता आला असता. सरांचे तीस वॅट खरे धरले तरी ९८ वरून ३० म्हणजे पाच डेसिबल, आणि सिग्नल पडला होता दहाने. फरक समोर होता. तो मी पाहिला नाही, कारण ‘पॉवर कमी आहे’ ही तक्रार एकदा ऐकली आणि ती भरून काढायच्या मागे लागलो. सिग्नल किती पडला आणि पॉवर किती पडली हे दोन आकडे शेजारी ठेवले नाहीत.

मग सरांनी वहीचं आणखी मागचं पान उघडलं. चार वर्षांपूर्वी त्याच अँटेनावर, त्याच फ्रिक्वेन्सीला एसडब्ल्यूआर १.७ होता. आता १.१. मध्ये कोणी तार कापलेली नाही, पाइप हलवलेला नाही. मग एसडब्ल्यूआर सुधारला कशाने?

केबल

एसडब्ल्यूआर मीटर रिगजवळ बसतो आणि परत येणारी लहर मोजतो. केबलच लहर खात असेल तर जाताना काही जाते, परत येताना उरलेल्यातली आणखी जाते, आणि मीटरपर्यंत फारच थोडी पोचते. मीटरला ते उत्तम जुळणीसारखं दिसतं. केबल जितकी खराब, तितका एसडब्ल्यूआर सुंदर. हे मला माहीत होतं. परीक्षेसाठी वाचलं होतं, इतरांना समजावलंही होतं. पण सरांनी १.१ सांगितलं तेव्हा आठवलं नाही.

शांत बँडचं कोडंही त्यातच होतं. ४० मीटरवर ऐकू येणारी खरखर बाहेरून, अँटेनातूनच येते. केबलने आठ डेसिबल खाल्ले तर सिग्नल आणि खरखर दोन्ही सारखेच खाली जातात, त्यामुळे कानाला सगळे पूर्वीइतकेच स्पष्ट वाटतात. फक्त मीटरचा काटा खाली राहतो. मे महिना, संध्याकाळी सह्याद्रीवर वळवाच्या विजा चमकतायत, आणि बँड शांत? ही गोष्ट खटकायला हवी होती.

पाइप आडवा केला. इन्व्हर्टेड व्हीच्या मध्यापासून केबल सोडवली आणि तिचं टोक तसंच उघडं ठेवलं, काहीही न जोडता. खाली येऊन ५ वॅटवर की दाबली. टोक उघडं असताना चांगल्या केबलवर काटा उजव्या टोकाकडे झेपावायला हवा. मीटरने दाखवलं १.३.

केबलच्या शेवटी अँटेना नाही, डमी लोड नाही, नुसती हवा आहे, आणि मीटर म्हणतोय सगळं ठीक. सरांनी तो काटा बराच वेळ बघितला.

तरी खात्रीसाठी मोजलं. रिग २० वॅटवर ठेवला आणि केबलच्या गच्चीवरच्या टोकाला डमी लोड लावला. तिथे आले १५.८ व्होल्ट, म्हणजे अडीच वॅट. विसातले अडीच, नऊ डेसिबल. या लांबीची चांगली आरजी-५८ सात मेगाहर्ट्झला सव्वा डेसिबल खाते. सरांचा सकाळचा हिशोब इथे येऊन बसला. दुरुस्तीपूर्वी रिगचे ६५ वॅट निघत होते तेव्हा अँटेनापर्यंत आठच पोचत होते. चार वर्षांपूर्वी ९८ पैकी ७४ पोचायचे.

मग केबल कापली. वरच्या टोकापासून हातभर अंतरावर बाहेरचं आवरण सोललं तर तांब्याची वेणी काळी पडलेली, बोटाने चोळली की काळी पूड. दोन मीटरवर तेच. पाच मीटरवर काळ्यात हिरवं. खालच्या टोकाचा कनेक्टर उघडला तेव्हा सरांच्या तळहातावर पाण्याचे दोन थेंब पडले. मेच्या शेवटी, चार महिने पाऊस नसताना. मध्याच्या सांध्यावर साधी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती. उन्हाने तिचा चिकटपणा गेला, कडा उघडली, आणि वेणीच्या बारीक तारांमधून पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं सरकत सरकत तीस मीटर खाली आलं. बाहेरून केबल अगदी धडधाकट दिसत होती.

तिसरा निर्णय: रविवारी दुपारी केबल कुठून आणायची

आरजी-५८ कुरिअरने यायला चार दिवस लागणार होते. रत्नागिरीत केबल टीव्हीवाल्याकडे आरजी-६ मिळत होती. ती ७५ ओहमची, आणि तिची ॲल्युमिनियमची वेणी सोल्डर घेत नाही. तरी सात मेगाहर्ट्झला ती पॉवर कमी खाते, आणि ७५ ओहममुळे एसडब्ल्यूआर थोडा वाढला तरी रिग तो सहन करतो. आम्ही ती घेतली. वरच्या बाजूला वेणी वॉशर आणि नट-बोल्टखाली आवळली, खाली ती दुमडून कनेक्टरमध्ये दाबली. एसडब्ल्यूआर १.६ आला. १.१ पेक्षा तो वाईट आहे म्हणून सरांच्या घरी आलेला एक विद्यार्थी हिरमुसला, तेव्हा सरांनी त्याला उघड्या केबलचा १.३ पुन्हा करून दाखवला.

आरजी-२१३ घ्यावी का यावरही बोललो. ती जाड, मजबूत, पण या लांबीला सात मेगाहर्ट्झवर पाऊण डेसिबलच वाचतो आणि पाइपाच्या टोकावर जास्त वजन लोंबतं. दोन मीटर बँडवर, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झला, मी तीच घ्यायला सांगितली असती. इथे पैसे आणि मेहनत सांधा बंद करण्यावर घालायचं ठरवलं.

दुपारी लगेच रिपोर्ट घ्यायचा मोह आवरला. भर दुपारी आयनोस्फिअरचा (उंचावरच्या विद्युतभारित वातावरणाचा) खालचा थर ४० मीटरचा सिग्नल जास्त शोषतो, सकाळच्या आकड्याशी तुलना झाली नसती. मी सोमवारची रजा टाकली.

निकाल

सोमवारी सकाळी सात वाजता मुलगी म्हणाली, “आजोबा, नऊ. पूर्ण नऊ.” पुण्याहून नऊ, गोव्याहून नऊला थोडं वर. आणि सरांच्या मीटरवर वळवाची खरखर परत आली होती.

गुरुवारी आरजी-५८ आली. तिचा मध्याचा सांधा पीव्हीसीच्या टोपीत, तोंड खाली करून बसवला. त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, आणि तिच्यावर उन्हापासून बचावाला साधी टेप. सिलिकॉन लावताना व्हिनेगरचा वास येणारं घेतलं नाही, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल जातीचं मिळतं, ते वापरलं. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे बाहेरून वाहणारं पाणी तिथून गळून पडेल.

जूनच्या पहिल्या रविवारी सराव झाला. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, फक्त बॅटरीवर. रिग एकदाही बंद पडला नाही.

खर्च केबल, वायर, होल्डर आणि टेप मिळून तीन हजारांच्या आत. बॅटरीचे पैसे वेगळे, ते टळले असते.

पुन्हा वेळ आली तर

सगळ्यात आधी मी फोनवरच दोन आकडे मागेन: सिग्नल किती एस पडला, आणि पॉवर कोणत्या मोडवर, कशाने मोजली. ते एकमेकांशी जुळत नसतील तर दोन दोष आहेत असं धरूनच घाट उतरेन, आणि केबल सोबत नेईन.

एसडब्ल्यूआरचा आकडा एकटा ऐकणार नाही, जुना आकडा काय होता ते विचारेन. काहीही न करता सुधारलेला एसडब्ल्यूआर मला आता वाढलेल्या एसडब्ल्यूआरपेक्षा जास्त काळजीचा वाटतो.

शनिवारी डमी लोडवर ९५ वॅट आल्यावर मी थांबलो, ते चूक होतं. डमी लोड स्टेशनचे दोन भाग करतो, आणि मी एकच भाग तपासला होता. केबलचं टोक सोडून उघड्या केबलचा एसडब्ल्यूआर बघायला अर्धा तास लागला असता. पाइप आडवा करायचा कंटाळा आणि १.१ वरचा भरवसा, दोन्ही आडवे आले.

एक प्रश्न माझ्या मनात अजून सुटलेला नाही. रिगच्या निगेटिव्ह बाजूला फ्यूज असावा का? आम्ही कंपनीच्या रचनेप्रमाणे दोन्ही ठेवले, पण खाऱ्या हवेत प्रत्येक जादा सांधा हा जादा दोष आहे, आणि या प्रकरणात सर्वांत जास्त व्होल्ट त्यानेच गिळले होते. सरांचं मत ठेवावा असं आहे. तूर्त दर तीन महिन्यांनी दोन्ही होल्डर की दाबून मोजायचे, असं ठरलं आहे.

सरांच्या वहीत आता प्रत्येक नोंदीला पाच रकाने आहेत: मोड, डमी लोडवरची पॉवर, ट्रान्समिटमध्ये रिगपाशी व्होल्टेज, एसडब्ल्यूआर, आणि सकाळी सातला रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर खरखर किती एस. ऑक्टोबरची नोंद, पाऊस संपल्यावरची: सीडब्ल्यू, ९६ वॅट, १३.४, १.७, पाच.